सात अक्षरी, मधे दोन झेड

इंग्रजी भाषा कुणी नोकरीसाठी शिकतं, कुणी साहेबाला उलट उत्तर देता यावं म्हणून, तर कुणी चारचौघांत छाप पाडायला. ती केवळ मोजण्यासाठी शिकलेला माणूस मात्र अख्ख्या मुंबईत एकच होता आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. आमचे हे भावोजी इंग्रजी बोलत नसत. वाचत असत असंही म्हणता येणार नाही. इंग्रजी वर्तमानपत्र हातात पडलं की ते बातमीकडे ढुंकूनही न पाहता, बाजारात पडवळ निवडावं तसे शब्द लांबीवरून निवडत. हा सहा अक्षरी, हा आठ अक्षरी, हा नुसताच लांब पण आत काही दम नाही. सुएझ कालव्यावरून जगभर गदारोळ चालला होता तेव्हा भावोजींना त्या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट लक्षात घेण्याजोगी वाटली होती, ती म्हणजे सुएझमध्ये झेड शेवटी येतो. तेही विशेषनाम म्हणून त्यांनी बाद केलं.

मी नोकरीसाठी चिपळूणहून मुंबईला आलो आणि गिरगावात अक्काच्या बिऱ्हाडी उतरलो, तो दिवस मला अजून आठवतो. डोक्यावर ट्रंक, हातात आईनं दिलेली फणसपोळी, चार जिने चढून छातीचा भाता झालेला. दारात भावोजी उभे. "ये" नाही, "बस" नाही, पाणी तर नाहीच. म्हणाले, "सहा अक्षरी. पाचवं वाय. पटकन सांग!" मला वाटलं, चाळीत शिरायचा काही परवलीचा शब्द असावा. मी ट्रंकेसकट विचार करत उभा राहिलो. शेवटी अक्का आतून ओरडली, "अहो, त्याला आत तरी येऊ द्या!" तेव्हा कुठे ते बाजूला झाले. दोन दिवसांनी मी आंघोळीला गेलो असताना त्यांनी मोरीच्या दारावर थापा मारल्या. "मिळाला! झेफर!" मी साबणाच्या डोळ्यांनी विचारलं, "म्हणजे काय?" यावर दाराबाहेरून जे उत्तर आलं त्यात त्यांचं सगळं तत्त्वज्ञान आलं. "अर्थाशी आपल्याला काय करायचंय रे? आपल्याला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय?"

त्या काळात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं वेड मुंबईभर पसरलं होतं. लोक कुपनं भरभरून पाठवत आणि मोटारीची स्वप्नं बघत. भावोजींना त्या लोकांची कीव यायची. शब्द शोधून वर बक्षीस मागायचं म्हणजे देवदर्शन करून पुजाऱ्याकडे जेवण मागण्यासारखं, असं त्यांचं मत होतं. त्यांचा स्वतःचा खेळ फार कडक होता. आधी लांबी ठरवायची, मग कुठलं अक्षर कितव्या घरात पाहिजे ते ठरवायचं आणि मग शब्द शोधायचा. घर हा त्यांचाच शब्द. "दुसऱ्या घरात एक्स, पाचव्या घरात डब्ल्यू" असं ते म्हणत तेव्हा आमच्या चाळीतली नवी बिऱ्हाडं घाबरायची, आपल्या शेजारी कोण राहायला आलंय म्हणून. कोश उघडायचा नाही, हा पहिला नियम. शेवटी एस लावून शब्द लांबवायचा नाही, ती भेसळ. सापडलेला शब्द ऑफिसातल्या कोऱ्या उरलेल्या कागदांच्या शिवलेल्या वह्यांत जायचा. चार अक्षरींची वही वेगळी, पाच अक्षरींची वेगळी, अशी बारा अक्षरांपर्यंत. फळीवर जिथे अक्काला लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या होत्या तिथे या वह्या होत्या आणि बरण्या पलंगाखाली. नोकरी बंदराजवळच्या एका कचेरीत, आवक-जावक विभागात. येणारी-जाणारी पाकिटं हाताखालून जात असल्यामुळे इंग्रजी पत्ते त्यांना फुकट वाचायला मिळत. ती नोकरी त्यांनी केली ती माझ्या मते त्याचसाठी.

अक्षरं ते बोटांच्या पेरांवर मोजत, जपाला बसल्यासारखी. ओठ हलत, अंगठा पेरापेरावरून सरकत जाई, डोळे अर्धे मिटलेले. त्यामुळे अनोळखी माणसांचा त्यांच्याबद्दल फार चांगला ग्रह व्हायचा. ठाकूरद्वारच्या एक आजीबाई त्यांना रस्त्यात वाकून नमस्कार करायच्या. एकदा अक्का तापानं फणफणली होती. डॉक्टरांनी औषधाचं नाव सांगितलं आणि भावोजींना दुकानात पाठवलं. अर्ध्या तासानं हे हात हलवत परत. मी म्हटलं, "औषध?" तर चेहरा उजळलेला. "अरे, नऊ अक्षरी नाव होतं बघ, त्यात दोन एक्स! मी मोजत मोजत गेलो." "आणि नाव?" नाव विसरले होते. नऊ अक्षरं होती हे लक्षात होतं, दोन एक्स लक्षात होते, नाव मात्र विसरले. मग मी धावत डॉक्टरांकडे गेलो. अक्का तापातही म्हणाली, "मी मेले तर माझ्या नावाची अक्षरं मोजत बसतील, खांदा द्यायचं विसरतील." मला राग आवरेना, पण तिचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मला वाटलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. गिरगाव पेटलेलं, चाळीच्या तोंडाशी फळा, फळ्यावर रोज नवा मजकूर, संध्याकाळी मोर्चा, नाही तर सभा. भावोजी सगळीकडे जात, घोषणाही घसा खरवडून देत. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण वक्त्यानं भाषणात एखादा इंग्रजी शब्द वापरला की झालं. पाच हजार माणसं टाळ्या वाजवत असताना एकटे हे बोटं चाळवत. संचारबंदीत तर त्यांनी कहर केला. दुपारी दोन तास सूट होती, लोक दूध-भाजी आणायला धावले, आणि हे पलीकडच्या गल्लीतल्या एका मास्तरांना शब्द विचारायला निघाले. परतताना सूट संपली आणि कोपऱ्यावर शिपायानं अडवलं. खिशात चिठ्ठी निघाली. चिठ्ठीवर ठिपका, ठिपका, के, ठिपका, ठिपका, क्यू. शिपाई कोल्हापूरकडचा, सरळ माणूस. म्हणाला, "ह्ये काय हाय? कुणाला निरोप धाडता?" भावोजींनी त्याला पाऊण तास खेळाचे नियम समजावून सांगितले. शेवटी त्या बिचाऱ्यानं स्वतःच त्यांना चाळीच्या दारापर्यंत आणून सोडलं आणि मला हात जोडून म्हणाला, "सायेब, ह्यांस्नी घरात ठेवा." एवढं मात्र सांगायला हवं की गोळीबारात माणसं पडली त्या आठवड्यात फळीवरची एकही वही खाली आली नाही.

या माणसाच्या घरात जी एकुलती एक मुलगी वाढली ती शालू. शालू माझी भाची, पण वयानं इतकी जवळ की माझी मैत्रीणच. कॉलेजात जायची, बापाला जे शोधायला दोन दिवस लागत ते कणीक मळता मळता सांगायची. "बाबा, आठ अक्षरी ना? हा घ्या." भावोजींना याचा भयंकर राग यायचा. मुलीनं शोधलेला शब्द ते वहीत घेतच नसत. "आयता आहे," म्हणायचे. तिचं कौतुक केलेलं मी कधी ऐकलं नाही.

शालूचं लग्न हा अक्काचा ध्यास होता, आणि त्या ध्यासाची पहिली माती भावोजींनीच केली. ठाकूरद्वारचं एक स्थळ आलं होतं. त्यांनी पत्रिका मागितली. अक्कानं पूजेच्या सामानाच्या दुकानातून कुंडलीचे छापील कोरे कागद आणले होते, चार ठिकाणी पत्रिका पाठवायची तर हाताशी असावेत म्हणून. भावोजींच्या हाती तो गठ्ठा लागला. घरं किती, तर बारा! लग्नस्थानापासून सुरुवात करून ओळीनं एकेक अक्षर घालता येईल अशी आयती आखलेली बारा घरं. त्यांची बारा अक्षरींची वही नेहमी दुबळी असायची. ब्रह्मानंदी टाळीच लागली. त्यांनी तीन कागद भरले आणि त्यांतला एक, वर अक्कानं आधीच शालूचं नाव, गोत्र आणि जन्मवेळ घातलेला, पाकिटात गेला. चौथ्या दिवशी ठाकूरद्वारहून उत्तर आलं. ते अक्कानं मला मोठ्यानं वाचायला लावलं. "आमच्या ज्योतिषीबुवांनी पत्रिका पाहिली. कन्येच्या लग्नस्थानी 'आय' आणि अष्टमात 'क्यू' आहे. हे ग्रह आमच्या पंचांगात नाहीत. क्षमस्व." अक्का रडली. शालूला आधी हसू आलं, मग आईकडे बघून तिनं ते आवरलं. भावोजी कागद घेऊन खिडकीशी गेले आणि म्हणाले, "पण अष्टमात क्यू असलेला बारा अक्षरी शब्द मिळणं किती कठीण असतं हे त्यांना कळलंच नाही." त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा भावोजींवर ओरडलो. अक्का तर त्यांच्याशी पंधरा दिवस बोलली नाही.

दुसरं स्थळ दादरचं. मुलगा परळच्या शाळेत शिक्षक. आणि यात एक भानगड होती, जी फक्त मला ठाऊक होती. शालूनं गॅलरीत मला गाठून सांगितलं, "मामा, हे स्थळ मोडू देऊ नकोस हं." मी म्हटलं, "का गं?" तिनं कठड्याचा रंग नखानं खरवडत सांगितलं की प्रभातफेरीत दोन महिने ती आणि तो एकाच कापडी फलकाचं एकेक टोक धरून चालत होते. त्यानंच घरी सांगून हे स्थळ आणवलं होतं. पण त्यांच्या घरात शब्द चालायचा तो त्याच्या काकांचा. काका चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, कडक गृहस्थ. त्यांना माणसं पसंत पडली तर पडली, नाही तर विषय संपला. "आई हबकलीय, आणि बाबांचं तू बघतोसच," शालू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मी तिला वचन दिलं आणि मग मला घाम फुटला.

आम्ही अक्कामार्फत हालचाल केली. पाहुणे येणार त्या सकाळी अक्कानं भावोजींना देव्हाऱ्यापुढे बसवलं, गणपतीसमोर सुपारी ठेवली आणि वदवून घेतलं, की पाहुणे जिना उतरेपर्यंत तोंडातून एकही इंग्रजी शब्द काढणार नाही. भावोजी म्हणाले, "एकही?" अक्का म्हणाली, "एकही. मुलीची शपथ आहे." त्यांनी सुपारी बोटानं सरळ केली. मग म्हणाले, "बरं."

माणूस दिलेल्या शब्दाला इतका पक्का असेल याची आम्हाला कल्पना नव्हती. काका आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आपलं ऑफिस कुठं?" भावोजी म्हणाले, "कचेरी बंदराजवळ." "जाता कसे, बसनं?" "रुळांवरच्या गाडीनं." "पेन्शनला किती वर्षं?" "निवृत्तिवेतनास सात." काका पुढे सरकून बसले. शालू चहा घेऊन आली तेव्हा "ट्रे" म्हणायची पाळी आली, तर भावोजींनी "तबक इकडे ठेव" म्हटलं. पंख्याला काय म्हणावं ते सुचेना म्हणून ते घाम पुसत बसले, पण पंखा लावा म्हणाले नाहीत. पंखा हा शब्द मराठीच आहे हे त्यांच्या त्या घाबरलेल्या डोक्यात आलंच नाही. काकांनी मांडीवर थाप मारली. "वा! याला म्हणतात भाषेचा अभिमान! आम्ही सभांतून ओरडतो, तुम्ही घरात पाळता." अक्कानं पदराआडून माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

सगळं अगदी जमत आलं होतं. आणि मग काकांनी कोटाच्या खिशातून इंग्रजी वर्तमानपत्राची घडी काढली.

"आता तुम्हाला हसू येईल," काका जरा ओशाळून म्हणाले, "पण पंचवीस वर्षं इंग्रजी कागद हाताळले, ही एक खोड लागली ती सुटत नाही. आजच्या कोड्यात एक शब्द सकाळपासून अडलाय. सात अक्षरी. मधे तिसरं-चौथं झेड. पक्ष्याच्या पोटातला एक अवयव." त्यांनी चष्म्यावरून भावोजींकडे पाहिलं. "आपल्याला येतो का हो?"

स्वयंपाकघराच्या दाराशी शालू उभी होती, हातात रिकामं तबक. मी भावोजींच्या हाताकडे पाहिलं. अंगठा पहिल्या पेरावर गेला, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि सातव्या पेरावर येऊन थांबला. थांबला म्हणजे सापडला, हे मी सात वर्षं त्यांच्याबरोबर राहून ओळखत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर तोच उजेड आला. ओठ हलले. बत्तीस वर्षं ज्या माणसाला लोकांनी टाळलं, ज्याला पाहून लोक रस्ता बदलून गेले, त्याला आज पहिल्यांदा एका परक्या, मोठ्या माणसानं आपणहून विचारलं होतं. मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की क्षणभर मला वाटलं, सांगून टाका भावोजी, मरू दे ते लग्न.

भावोजींनी शालूकडे पाहिलं. मग मूठ मिटली.

"नाही," ते म्हणाले. "इंग्रजीतलं मला काही कळत नाही."

काकांनी हसून घडी खिशात ठेवली आणि तारीख काढायला पंचांग मागितलं.

पाहुणे जिना उतरले तसं अक्कानं भावोजींच्या पायांवर अक्षरशः डोकं ठेवलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आता बोला हो काय बोलायचं ते. सोडलं मी तुम्हाला. सांगा तो शब्द." मीही म्हटलं, "सांगा की भावोजी, काय होता?" ते मान हलवून म्हणाले, "नाही म्हणून सांगून झालं ना? मग नाहीच." आणि खरोखरच त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. मी नंतर हळूच सात अक्षरींची वही काढून पाहिली. झेडच्या पानावर मधे दोन झेड असलेला शब्द एकही नव्हता. असा माणूस. ज्याच्या बडबडीनं जीव नकोसा केला, त्यानं एका शब्दावर तोंड मिटलं तर मलाच झोप येईना.

लग्न दादरला झालं. साधं, पण थाटात कमी नाही. काकांनी मांडवात चळवळीतल्या चार लोकांना भावोजींची ओळख करून दिली, "हे आमचे व्याही, अस्सल मराठी माणूस." भावोजींनी हात जोडले. त्यांच्या तोंडाला त्या दिवशीही कुलूप होतं. पाठवणीच्या वेळी अक्कानं हंबरडा फोडला. शालू एकेकाच्या पाया पडत आली. बापाच्या पायांशी वाकली, उठली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. भावोजी दचकले. मग त्यांचा चेहरा असा झाला की रडताहेत की हसताहेत ते मला सांगता येईना. "काय म्हणाली हो?" अक्कानं हुंदक्यात विचारलं. भावोजी म्हणाले, "काही नाही. तब्येतीला जपा म्हणाली."

अक्का मांडवातली आवराआवर करायला मागे थांबली. आम्ही दोघं ट्रॅमनं गिरगावला निघालो. परळ गेलं तोवर ते खिडकीबाहेर बघत होते. मग एकाएकी माझ्याकडे वळून म्हणाले, "गिझर्ड म्हणाली."

"कोण?"

"शालू. गिझर्ड. सात अक्षरी. कोंबडीच्या पोटात दाणे दळायची पिशवी असते, ती." आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं, आणि नव्या नवरीनं बापाचा निरोप घेताना म्हटलं होतं, गिझर्ड. मला हसू आलं, पण त्यांच्याकडे बघून मी ते गिळलं. धोतराच्या सोग्यानं ते डोळे पुसत होते.

"तिला येत होता रे," ते म्हणाले. "तबक घेऊन दाराशी उभी होती ना, तेव्हाच आला होता तिला. मला वाटत होतं, मी एकटाच गप्प बसलो. ती माझ्या आधी गप्प बसली होती. आणि मी कधी तिला चांगलं म्हणालो नाही."

लालबाग आलं, गेलं. माणसं चढली, उतरली. समोरच्या दुकानावर भली मोठी इंग्रजी पाटी होती, पण भावोजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. हात मांडीवर उपडे पडले होते. सात वर्षं मी या माणसाला हात जोडून म्हणत आलो होतो, भावोजी, आता पुरे. त्या संध्याकाळी मात्र गिरगाव येईपर्यंत मी वाट बघत होतो, की यांनी मला काहीतरी विचारावं, पाच अक्षरी, सहा अक्षरी, कसलंही. शेवटी मीच म्हटलं, "भावोजी, आठ अक्षरी, सहावं के?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा हसले, आणि म्हणाले, "उद्या सांगतो."